लाल शाईतला शब्द

माणसाचा रूपाचा अभिमान फार तर चाळिशीपर्यंत टिकतो आणि ताकदीचा साठीपर्यंत. त्यानंतर ज्याच्या जोरावर चारचौघांत मान वर करून बसावे असे एकच भांडवल शिल्लक उरते, ते म्हणजे स्मरणशक्ती. "मला अजून सगळं जसंच्या तसं आठवतं!" हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकू येत नाही, असा सत्तरीपुढचा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मीही त्यांतलाच. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. जुन्या वर्गांतील मुलांची नावे हजेरीपटाच्या क्रमाने अजून म्हणून दाखवतो. कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधत फिरतो हे खरे. पण तो स्मरणाचा नव्हे, लक्षाचा दोष आहे, असे मी घरात सर्वांना पटवून दिले आहे. निदान मला तरी ते पटले आहे.

या माझ्या भांडवलाला पहिला धक्का बसला तो २०२४ च्या दिवाळीच्या आधी आठदहा दिवस. चकलीच्या भाजणीचा वास घरात भरला होता, आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी माझी नात हातात पत्त्यांच्या जोडासारखे काहीतरी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आजोबा, मला प्रयुक्त हवे आहेत. तुम्ही व्हाल?"

प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. पूर्वी अशा कामाला उंदीर लागत, एवढे मला ठाऊक होते. तिने समजावले की तिला फक्त स्मरणाचा एक लहानसा प्रयोग करायचा आहे; शब्द पाहायचे आणि नंतर आठवून लिहायचे. त्याला त्यांच्या पुस्तकात 'प्रत्यावाहन' म्हणतात. हा शब्द मला फार आवडला. पूजेच्या आरंभी आपण देवाचे आवाहन करतो; विसर्जन झाल्यावर त्याला पुन्हा बोलावायचे, ते प्रत्यावाहन. देव येईल की नाही ते त्याच्या मर्जीवर! शिवाय विषय स्मरणशक्तीचा. मी सदऱ्याची बाही सरसावून बसलो.

तिच्या हातात पंधरा कार्डे होती. प्रत्येकावर ठळक अक्षरांत एकेक शब्द. टोपी, खिडकी, नदी, कात्री, असे साधे, रोजच्या वापरातले. एकेक कार्ड तिने माझ्यासमोर धरले, टाळी वाजवायला लागावा तेवढा वेळ, आणि बाजूला केले. पंधरा झाल्यावर मी लगेच लेखणी उचलली, तर म्हणाली, "थांबा. आधी शंभरातून तीनतीन वजा करत मोठ्यानं म्हणा." सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव... अर्धा मिनिट हा जाच झाल्यावर कागद हाती आला. नुकतेच ऐकलेले शेवटचे चार शब्द माणूस जिभेवर घोळवत ठेवतो. ते पुसले जावेत म्हणून ही वजाबाकी, हे तिने नंतर सांगितले.

मी आठ शब्द लिहिले. पंधरांपैकी आठ! वर्गात असतो तर स्वतःला उभे केले असते. त्या आठांत एक शब्द मात्र मी एखाद्या हुशार मुलाप्रमाणे सर्वांत आधी लिहिला होता : चमचा. कारण ते एकच कार्ड लाल शाईतले होते. बाकीची चौदा काळी.

मग सौभाग्यवतींची पाळी आली. कढईखालचा गॅस बंद करून, पदराला हात पुसत ती बसली, आणि तिने दहा शब्द लिहिले. तिच्या यादीत 'पाटी' होती. मी म्हटले, "पाटी नव्हतीच." ती म्हणाली, "होती." मी तिचा कागद पुन्हा पाहिला. "आणि तू चमचा कसा विसरलीस? चांगला लालभडक!" तेव्हा तिने माझ्याकडे दयेने पाहिले. "लालबिल काही नव्हतं. आणि चमचाही नव्हता."

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात आमचे वाद पुष्कळ झाले. पण जे डोळ्यांसमोर धरले गेले तेच होते की नव्हते, असा वाद पहिलाच. मी तर शपथेवर सांगितले की पाटीचे कार्ड मला दाखवलेलेच नाही. नातीने न बोलता गठ्ठा उलगडून जमिनीवर मांडला. सातवे कार्ड पाटी. आठवे चमचा. दोन्ही आम्हा दोघांना दाखवलेली. फरक एवढाच की माझ्या गठ्ठ्यात चमचा लाल होता आणि हिच्या गठ्ठ्यात तो इतरांसारखाच काळा. जन्मभर स्वयंपाकघरात वावरलेली ती चमचा विसरली, आणि चौतीस वर्षे शाळेत काढलेला मी पाटी विसरलो! नात हसू दाबत वहीत काहीतरी टिपून घेत होती.

प्रयोगाची ही मांडणी मला मात्र मनापासून आवडली. निम्म्या माणसांना तोच शब्द लाल आणि निम्म्यांना तोच काळा का दाखवायचा? तर दोष किंवा गुण शब्दाचा की रंगाचा हे कळावे म्हणून. तो नेमका मध्यावर का ठेवायचा? कारण यादीतले पहिले आणि शेवटचे शब्द तसेही माणसाला बरे आठवतात. मधल्यांचे हाल असतात. मोठ्या कुटुंबातल्या मधल्या मुलांसारखे.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर घरात याच विषयाची बैठक बसली. चिरंजीवांनी लगेच व्यवहाराचा प्रश्न काढला. धाकट्याची यंदा दहावी. त्याच्या अभ्यासाच्या खोलीच्या भिंती लाल रंगवून घ्याव्यात काय? नात म्हणाली, "बाबा, २००९ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोघांचा असा एक प्रयोग खूप गाजला होता. संगणकाचा पडदा लाल ठेवला तर शब्द जास्त आठवतात आणि निळा ठेवला तर कल्पना जास्त सुचतात, असं त्यांनी मांडलं. पण त्याच प्रयोगमालेतला एक भाग, उलटसुलट अक्षरांतून शब्द जुळवण्याचा, २०१४ मध्ये दुसऱ्यानं पुन्हा करून पाहिला तर लालनिळ्याचा काही फरकच निघाला नाही. तेव्हा भिंती आहेत तशाच राहू द्या."

"मग तुझ्या आजोबांना चमचा का आठवला?"

"लाल होता म्हणून नाही. एकटाच लाल होता म्हणून!"

तिने मग जी हकीकत सांगितली, ती मी पुढे तिच्याकडून पुस्तके मागून घेऊन वाचली. स्मरणाला प्रयोगशाळेत आणले ते हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने. १८८५ साली त्याचे पुस्तक निघाले. अर्थ असलेले शब्द एकमेकांचा हात धरून येतात, म्हणून त्याने अर्थ नसलेली सुमारे तेवीसशे अक्षरजुळणी तयार केली, आणि प्रयोगकर्ताही तोच नि प्रयुक्तही तोच, असे स्वतःलाच ती पाठ करायला लावून आपण किती वेगाने विसरतो ते मोजले. पाढे पाठ करणाऱ्या आपल्या पोरांचे दुःख या माणसाला खरोखर कळले असते!

त्यानंतर अर्ध्या शतकाने बर्लिनमध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ ही तरुणी वोल्फगांग कोहलर या प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करत होती. १९३३ साली तिचा प्रबंध प्रसिद्ध झाला. तिने निरर्थक अक्षरांच्या यादीत एकच आकडा ठेवला. लोकांना तो आकडा अधिक आठवला. मग तिने उलट केले. आकड्यांच्या यादीत एकच अक्षरजुळणी ठेवली. आता लोकांना ती जुळणी आठवली आणि आकडे विसरले. म्हणजे आकड्यात काही विशेष नव्हते, आणि अक्षरातही नव्हते. जो शेजाऱ्यांपेक्षा वेगळा, तो लक्षात राहतो. बाकीचे एकासारखे एक असल्यामुळे एकमेकांत मिसळून जातात. पंधराच्या पंधरा कार्डे लाल केली असती तर चमच्याचा सगळा रुबाब उतरला असता. मग एखाद्या काळ्या शब्दाने भाव खाल्ला असता.

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी नातीने आणखी एक खेळ काढला. तुम्हीही दिवाळीत घरी करून पाहा, फराळ चांगला पचतो. कागदावर रंगांची नावे लिहायची, पण भलत्याच रंगात. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' तपकिरी शाईत, असे. आणि शब्द न वाचता शाईचा रंग भराभर सांगायचा. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी जॉन रिडले स्ट्रूप याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला लोकांना सरासरी त्रेसष्ट सेकंद लागत. तेच शंभर रंग भलत्या नावांच्या शाईतून ओळखायचे तर एकशेदहा. आमच्या घरी चिरंजीव तिसऱ्याच शब्दाला अडखळले, सूनबाई हसून हसून बेजार झाल्या, आणि ज्याला अजून नीट वाचता येत नाही तो शेजारचा चार वर्षांचा मुलगा धडाधड सगळे रंग सांगून मोकळा झाला! वाचता येऊ लागले की न वाचणे माणसाच्या हाती राहत नाही.

सगळे हसत होते. मी मात्र त्या लाल चमच्यापाशीच अडकलो होतो.

लाल शाईशी माझे नाते जुने आहे. चौतीस वर्षे तिच्या बाटल्याच्या बाटल्या मी मुलांच्या वह्यांवर रिकाम्या केल्या. मुलाने चाळीस ओळी शुद्ध लिहाव्यात आणि मी त्यांतला एक चुकलेला शब्द लाल गोलात घालावा! काही वर्षांपूर्वी बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. डोक्याचे केस पांढरे झालेले. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, 'आशिर्वाद'ला तुम्ही लाल गोल केला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. पण शी पहिली की दुसरी, ते मात्र अजून कळत नाही. लिहायला गेलो की गोलातलाच शब्द आठवतो." तेव्हा मी हसलो होतो. आता उमगले की त्याची चूक मीच त्याच्या डोक्यात पक्की करून दिली. शुद्ध शब्द काळा राहिला आणि अशुद्ध शब्द लाल झाला. शिकवायचे होते एक आणि शाईने शिकवले दुसरेच.

पण हेही वरवरचेच. खरी टोचणी वेगळी होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती.

मला एक थोरली बहीण आहे. अक्का. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, सांगलीला असते. आमचे मूळ घर वाईला, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. आई गेल्यावर ते बरीच वर्षे बंदच होते. २०१३ साली आम्ही ते विकले. व्यवहाराच्या दिवशी रिकाम्या ओसरीवर अक्का आणि मी दोघेच होतो, आणि कशावरून तरी शब्दाला शब्द वाढून अक्का म्हणाली, "तू काय सांगतोस? आई गेली तेव्हासुद्धा तू सगळ्यांच्या शेवटी आलास."

१९९८ चा मार्च. माझी परीक्षेची पर्यवेक्षणाची पाळी होती. निरोप मिळताच निघालो, तर खंबाटकीच्या घाटात वाहनांची रांग लागलेली. मी पोचलो तेव्हा सर्व आटोपले होते. ही गोष्ट मी स्वतःलाच कधी क्षमा केलेली नाही. नेमके तिथे अक्काने बोट ठेवले. मी त्या दिवशी काही न बोलता पुण्याला आलो. त्या वर्षी भाऊबिजेला गेलो नाही. पुढच्या वर्षीही नाही. ओवाळणी बँकेतून जात होती, विजयादशमीला आणि संक्रांतीला दूरध्वनीवर दोन वाक्ये होत होती. जगाच्या दृष्टीने भांडण नव्हतेच. अशा अकरा भाऊबिजा गेल्या. पाचसहा वेळा सौभाग्यवती म्हणाली असेल, "अहो, वन्संकडे जाऊन येऊ या." मी प्रत्येक वेळी काहीतरी काम काढले.

अक्का म्हटली की मला ते एक वाक्य आठवे. त्याच्या आधीची पन्नाससाठ वर्षे कुठे गेली होती? ती काळ्या शाईत होती. रोज एकासारखी एक. तिने मला कडेवर घेऊन नदीवर नेले असेल, हे मला ठाऊक होते. आठवत मात्र नव्हते. लाल वाक्य ठळक होते ते खरे म्हणून नव्हे, महत्त्वाचे म्हणूनही नव्हे. अक्काने जन्मात मला तसे दुसरे वाक्य बोललेच नव्हते, म्हणून ते ठळक होते! ती रोज टोचून बोलणारी बहीण असती, तर कोणते वाक्य कधीचे हेही मला सांगता आले नसते. म्हणजे ज्या वाक्याचा मी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून अकरा वर्षे सांभाळ केला, ते वाक्य लक्षात राहणे हाच तिच्या बाकीच्या वागण्याच्या चांगुलपणाचा पुरावा होता. हे गणित इतके सोपे होते की ते सोडवायला मला कॉलेजातली नात लागावी याची लाज वाटली.

"यंदा भाऊबिजेला सांगलीला जाऊ या," असे मी म्हणालो तेव्हा सौभाग्यवतीने कारण विचारले नाही. तिने सरळ पिशवी काढली. निघताना मी नातीकडून ती पंधरा कार्डे मागून घेतली. अकरा वर्षांनी एखाद्याच्या दारात उभे राहायचे तर हातात काहीतरी असलेले बरे.

स्वारगेटवरून सांगलीची एस.टी. धरली. अक्काने दार उघडले. किती लहान झाली होती! एक्क्याऐंशी वर्षांची. क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "आलास? पाय धू. पाट मांडते." जणू काही मी मागच्या आठवड्यातच येऊन गेलो होतो.

ओवाळणे झाले, चिरोटे झाले, दुपारी सौभाग्यवती भाचेसुनेशी बोलत आत बसली आणि ओसरीत आम्ही दोघे उरलो. मी कार्डे काढली. अक्काने उत्साहाने खेळ खेळला. वजाबाकी माझ्याहून चांगली केली. तिला सहा शब्द आठवले आणि त्यांत चमचा होताच. मी तिला बर्लिनच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली, वहीतले लाल गोल सांगितले, आणि मग एकदाचे म्हणून टाकले, "अक्का, तुझं एक वाक्य मी असंच लाल करून ठेवलं होतं."

"कुठलं रे?"

मी सांगितले. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला ते मुळीच आठवत नव्हते. आठवत नसल्याचे सोंग नव्हते ते. सत्तर वर्षे ओळखत असलेल्या माणसाचे सोंग कळते. "मी असं म्हटलं? आईच्या वेळचं?" ती दोनदा म्हणाली. मग बराच वेळ गप्प बसली आणि हळूच म्हणाली, "मला तर तुझं वाक्य आठवतं."

"माझं?"

"मी म्हटलं होतं, तुळशीवृंदावन तेवढं त्यांच्याकडून मागून घेऊ, आईच्या हातचं आहे. तू म्हणालास, 'तुला या घराचं काय? तू तर बाहेरची.'"

मी असे म्हणालो नव्हतो. ओसरी आठवत होती, दुपारचे ऊन आठवत होते, अक्काचे वाक्य कानामात्रेसह आठवत होते. त्याच्या आधी मी असे काही बोललो असल्याची पुसटही खूण मनात नव्हती. "छे! मी असं म्हणालोच नाही," हे शब्द ओठांवर आले, आणि त्याच क्षणी मला पाटी आठवली. तीही दाखवलेली नाही, असे मी शपथेवर सांगितले होते!

नातीच्या पुस्तकात याचाही एक प्रयोग आहे. टोरांटोचे एंडेल टल्व्हिंग यांनी तो १९६९ साली प्रसिद्ध केला. साध्या शब्दांच्या यादीत त्यांनी एखाद्या जगप्रसिद्ध माणसाचे नाव घातले आणि सांगितले की असे नाव आले तर ते सर्वांत आधी लिहा. शब्द भराभर दाखवले तर त्या नावाच्या लगेच आधी आलेला शब्द लोक विसरत. मागून येणारा पुढच्याला जणू पुसून टाकतो. भांडणात वाक्ये काय हळूहळू येतात? अक्काच्या वाक्याच्या लगेच आधीचे वाक्य माझे होते. माझ्या गठ्ठ्यात तिचे वाक्य लाल होते, तिच्या गठ्ठ्यात माझे. दोघांना एकच गठ्ठा दाखवला गेला होता, आणि दोघेही आपापल्या यादीवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार होतो. इथे गठ्ठा उलगडून जमिनीवर मांडणारी नात मात्र नव्हती.

मी म्हणालो, "अक्का, मला आठवत नाही. पण म्हणालो असेन. आणि म्हणालो असेन तर ते फार वाईट म्हणालो."

ती म्हणाली, "मलाही आठवत नाही. पण तू उगीच सांगायचा नाहीस. मीही म्हटलं असेन." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "घाटात अडकला होतास ना? सगळ्यांनी सांगितलं होतं मला."

घर विकल्यापासून ती स्वतःला बाहेरची समजत होती, आणि मी स्वतःला शेवटी आलेला. दोघांनाही ती दुखणी आधीपासूनच होती. म्हणून तर नेमकी ती वाक्ये लाल झाली.

नंतर आम्ही दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो. काळे शब्द शोधत होतो म्हणा ना. कृष्णेला पाणी चढले की घाटाच्या किती पायऱ्या उरल्या ते मोजायला जाणे, ढोल्या गणपतीपुढे मिळालेले अर्धे खोबरे, आईची हाक. तिला आठवले की मला दुसरे आठवे, त्यावरून तिला तिसरे. एकट्याने बसून यांतले एकही आले नसते. "आणि शाळेत जाताना रोज तुझी पाटी कोण घासून द्यायचं?" तिने विचारले. मी आता पाटीचे नाव घेतले की घाबरतो!

पुण्याला परतलो तेव्हा नातीची वही पूर्ण होत आली होती. तिने एकूण वीस प्रयुक्त गाठले होते. लाल गटात एकाखेरीज सर्वांना चमचा आठवला होता. काळ्या गटातल्या निम्म्यांनाही नाही. पण मला तिच्या निष्कर्षातले दुसरे वाक्य अधिक मोलाचे वाटले. दोन्ही गटांना आठवलेल्या एकूण शब्दांची संख्या जवळजवळ सारखीच होती. म्हणजे लाल शब्द घरात आला तो दुसऱ्या कोणाला तरी बाहेर काढून.

मग काळ्या शब्दांनी करावे तरी काय? याचे उत्तर मला मेरी व्हिटन कॅल्किन्स या बाईंनी दिले. बाई हार्वर्डमध्ये शिकल्या. १८९५ पर्यंत डॉक्टरेटचे सगळे काम त्यांनी पुरे केले होते, पण स्त्री म्हणून विद्यापीठाने पदवी नाकारली. पुढे १९०५ साली त्याच बाई अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. 'बाहेरची' म्हणण्याची रीत तिकडेही होती तर! त्यांनी रंगांच्या पट्ट्या आणि आकडे यांच्या जोड्या लोकांना दाखवल्या. कधी एखादा आकडा वेगळा नि ठसठशीत करून, कधी एखादी जोडी अगदी शेवटी ठेवून, कधी तीच जोडी पुन्हा पुन्हा दाखवून. ठसठशीत आकड्याचा उपयोग झाला. पण या साऱ्यांत सर्वांत भरवशाची ठरली ती पुनरावृत्ती. जे वारंवार समोर येते, त्याची गाठ पक्की बसते.

कॅल्किन्सबाईंवर विश्वास ठेवून मी तेव्हापासून महिन्या-दीड महिन्याने सांगलीला जातो. एस.टी.तली खिडकीची जागा, पाय धुणे, अक्काच्या हातचा चहा, वाईच्या त्याच त्या गोष्टी. परवा सौभाग्यवतीने विचारले, "मागच्या खेपेला वन्संनी काय केलं होतं हो जेवायला?" मला आठवेना. कोणती भेट कधीची, कोणत्या भेटीत काय बोललो, सगळ्याचा गोंधळ झाला आहे. सगळ्या एकासारख्या एक. सगळ्या काळ्या शाईतल्या.

स्मरणशक्तीचा अभिमान असलेल्या माणसाला या विसरण्याचे वाईट वाटायला हवे होते. मला वाटले नाही.